पाच वेगळे चित्रपट, एकच मोजपट्टी: चित्रपट समीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
दर आठवड्याला चित्रपटांवर लिहिणारे सर्व समीक्षक

सप्रेम नमस्कार.

मी तुमची नियमित वाचक आहे. चित्रपट पाहण्याआधी तुमचं परीक्षण नुसतं चाळते आणि पाहून आल्यावर नीट वाचते. तिकीट काढावं की नाही हे मला कुणीही सांगू शकतं. जे पाहिलं ते नेमकं काय होतं, आपल्यावर त्याचा असा परिणाम का झाला, हे मात्र तुमच्याकडूनच हवं असतं. म्हणून हे पत्र. माझं मागणं एवढंच: निकाल देण्याआधी तो चित्रपट काय करायला निघाला होता ते सांगा, आणि ते कुठे साधलं, कुठे फसलं, ते पडद्यावरच्या एखाद्या जागेवर बोट ठेवून दाखवा. तारे त्यानंतर द्या, किंवा नाही दिलेत तरी चालतील.

कुठल्याही एका आठवड्याचं सदर काढून पाहा. एक भयपट, एक मुलांसाठीचा अ‍ॅनिमेशनपट, एक तीन तासांचा युद्धपट, एक माहितीपट आणि एका घरात घडणारी संथ गोष्ट. पाचांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परीक्षणांचा साचा मात्र एकच: दोन परिच्छेद कथानक, एक परिच्छेद अभिनय, एका ओळीत छायाचित्रण, संकलन, संगीत, आणि शेवटी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान तारे. दूध आणि कापड एकाच मापाने मोजावं, तसा हा प्रकार आहे. भयपटाला शेरा मिळतो ‘कथेत नावीन्य नाही’, माहितीपटाला ‘विषय महत्त्वाचा आहे’, संथ चित्रपटाला ‘गती हवी होती’. हे शेरे खोटे नसतात. पण ते इतर शंभर चित्रपटांनाही तितकेच लागू पडतात, आणि वाचकाच्या हाती त्या एका चित्रपटाचं काहीच लागत नाही.

भयपटापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्या वाट्याला येतो. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ २५ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला. प्रेमळ परग्रहवासीयाची गोष्ट सांगणारा ‘ई.टी.’ त्याच्या दोनच आठवडे आधी आला होता आणि लोक त्याच्या प्रेमात होते. अशा दिवसांत माणसाचं हुबेहूब रूप घेणाऱ्या, शरीरं फाडून बाहेर येणाऱ्या जिवाची गोष्ट समीक्षकांना किळसवाणी वाटली. अनेकांनी तो अक्षरशः कचरा ठरवला. आणखी एक तक्रार होती, ती म्हणजे पात्रांमध्ये काही दम नाही, ती एकमेकांपासून वेगळी उठत नाहीत.

आता त्यातला रक्तपरीक्षेचा प्रसंग आठवा. अंटार्क्टिकावरच्या तळावर अडकलेली माणसं बांधून ठेवलेली आहेत. प्रत्येकाचं थोडं रक्त काचेच्या बशीत काढलंय. नायक तापवलेली तार एकेका बशीत बुडवतो. चर्र आवाज होतो, दुसरं काही होत नाही. पुढची बशी. पुन्हा तेच. तार गार होते, तो ती पुन्हा तापवतो, मध्ये कुणीतरी कुरकुर करतं, आपण जरा सैलावतो, आणि नेमक्या त्या बोलण्याच्या ओघात एका बशीतलं रक्त किंचाळत उसळतं. कॅमेरा काही सुचवत नाही. पार्श्वसंगीत आधीपासून सावध करत नाही. यातला माणूस कोण आणि माणसाचं सोंग घेतलेलं कोण, हे ओळखता न येणं, हाच त्या चित्रपटाचा गाभा आहे. पात्रं ठळक नाहीत ही तक्रार करताना ती तशी का ठेवली असतील, हा प्रश्न एकदा तरी विचारायला हवा होता. त्यानंतरही चित्रपट आवडला नाही असं म्हणता आलं असतं. किळस आली असेल तर आली, त्यात गैर काही नाही. पण मग तो नकार त्या चित्रपटाला दिलेला नकार ठरला असता. त्याच दिवशी ‘ब्लेड रनर’ही आला होता आणि त्यालाही थंड स्वागतच मिळालं. आज भयपट आणि विज्ञानपट यांच्यावर काही लिहायचं तर या दोघांची नावं टाळता येत नाहीत.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. दिग्दर्शिका शांताल आकरमानचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ २०१ मिनिटांचा आहे. एका विधवेचे तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, मुलाला जेवू घालते, आणि दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेऊन ते टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात ठेवते. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिला दिवस आपण जवळजवळ कंटाळून पाहतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती भांडं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, काय करावं तिला सुचत नाही. केस विस्कटलेत. पैशांच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहिलंय. पहिल्या दिवसाची शिस्त आपण इतका वेळ पाहिली नसती, तर हे बिघडणं आपल्या लक्षातही आलं नसतं. इथे लांबी हेच साधन आहे. ‘अर्ध्या तासाने कमी करता आला असता’ हे वाक्य इथे लिहिणाऱ्याने चित्रपट पाहिलाच नाही असं मी म्हणेन, मग तो खुर्चीत पूर्णवेळ बसलेला का असेना.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपटांची नावं विचारतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ज’ अव्वल होता. १९६२ पासून २००२ पर्यंत दर वेळी ‘सिटिझन केन’. २०१२ साली ८४६ जणांच्या मतांतून ‘व्हर्टिगो’ वर आला. १९५८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा याच ‘व्हर्टिगो’ला समीक्षकांनी संमिश्र म्हणावा असा प्रतिसाद दिला होता. २०२२ साली १,६३९ जणांनी मतं दिली आणि पहिल्या जागी ‘जान दिएलमान’ आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या जागी पहिल्यांदाच पोहोचला. त्यावर बरीच भांडणं झाली. कुणी म्हणालं मतदार बदलले म्हणून यादी बदलली. अर्थातच! यादी नेहमीच मतदारांची असते. समीक्षकांचा निकाल हा त्या वेळच्या, त्या माणसांचा निकाल असतो, हे मला त्यातून दिसतं, आणि यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र मग तुमच्या परीक्षणातही तो तसा दिसू द्या. शेवटचा शब्द सांगितल्याच्या थाटात अडीच तारे टाकू नका.

ताऱ्यांहूनही जास्त घोळ टक्क्यांनी घातलाय. ‘रॉटन टोमॅटोज’ हे परीक्षणं गोळा करणारं संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झालं. तिथला आकडा म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के परीक्षणं अनुकूल आहेत, एवढंच तो सांगतो. साठ टक्के किंवा त्याहून जास्त झाला की चित्रपट ‘फ्रेश’. समजा शंभर समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ म्हटलं, तर त्याचे शंभर टक्के. दुसऱ्या एखाद्याला साठ जणांनी आयुष्यभर लक्षात राहील असा म्हटलं आणि चाळीस जणांना तो सहन झाला नाही, तर त्याचे साठ. म्हणजे कुणालाच न दुखावणारा चित्रपट वर जातो आणि ज्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात तो खाली राहतो. आकडा बनवणाऱ्यांनी ही पद्धत लपवून ठेवलेली नाही. आपणच तो परीक्षेतल्या टक्क्यांसारखा वाचतो. पण तुमचं हजार शब्दांचं, शंका घेत घेत लिहिलेलं परीक्षण तिथे हो किंवा नाही एवढंच उरतं, याचं तुम्हालाच जास्त वाईट वाटायला हवं. ‘सिनेमास्कोर’ या अमेरिकी संस्थेची गत वेगळी. तिथे पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना विचारून अक्षरात श्रेणी देतात. २०१७ साली ‘मदर!’ या चित्रपटाला तिथे ‘एफ’ मिळाली, म्हणजे सगळ्यात खालची. वर्षभरात आलेल्या बऱ्याच सुमार चित्रपटांना याहून चांगल्या श्रेण्या मिळतात. जाहिरात पाहून नेहमीचा भयपट समजून गेलेल्यांना भलतंच काही पाहावं लागलं, त्या रागाची ती श्रेणी. आपण काय पाहायला जातोय हे सांगणारा कुणी भेटला असता, तर त्यातले काही जण गेलेच नसते आणि जे गेले असते ते तयारीने गेले असते. ते सांगण्याचं काम तुमचं आहे.

विनोदपटांचं काय होतं तेही सांगायला हवं. विनोद सोपा वाटतो म्हणून त्याच्या कारागिरीवर कुणी लिहीतच नाही. मूकपटांच्या काळातल्या बस्टर कीटनचा ‘द जनरल’ आला तेव्हा अनेक समीक्षकांना तो लांबलेला आणि कमी हसवणारा वाटला. तो चालला नाही, आणि थोड्याच काळात कीटनला स्वतःच्या मर्जीने चित्रपट काढण्याचं स्वातंत्र्य गमवावं लागलं. त्यात प्रेयसीने झिडकारलेला नायक उदास होऊन आगगाडीच्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. त्याच्या मागे इंजिन सुरू होतं. दांडा वर जातो, खाली येतो, आणि त्यासोबत तोही वर, खाली. चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नाही, कारण त्याला काही कळलेलंच नाही. खऱ्या इंजिनावर, जिवाला धोका पत्करून केलेलं ते काही सेकंदांचं चित्र आहे. दुःख आणि हसू त्यात एकाच वेळी आहे. ‘धमाल’, ‘खुसखुशीत’, ‘हसून हसून पुरेवाट’ या शब्दांत ते मावेल का?

माहितीपटांबद्दल थोडक्यात. विषय गंभीर असला की तुम्ही नकळत सौम्य होता. एरल मॉरिसचा १९८८ चा ‘द थिन ब्लू लाइन’ एका पोलिसाच्या खुनाबद्दल आहे. त्यात खुनाच्या प्रसंगाचं पुनर्चित्रण पुन्हा पुन्हा येतं आणि दर साक्षीगणिक बदलतं. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे निवेदक सांगत नाही, ते आपल्याला दिसतं. खुनासाठी शिक्षा भोगणारा माणूस १९८९ मध्ये सुटला, त्यात या चित्रपटाचा मोठा हात होता. अन्यायावरचा माहितीपट म्हणून तो महत्त्वाचा आहेच. पण त्या रचनेशिवाय तो अन्याय इतका स्वच्छ दिसला नसता, आणि परीक्षणात हवी असते ती ही रचना.

तुमच्या क्षेत्रातली चांगली माणसंही चुकली आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउथर वाईट समीक्षक नव्हते. सेन्सॉरशिपविरुद्ध ते ठामपणे लिहीत, परदेशी चित्रपटांना अमेरिकेत प्रेक्षक मिळावा म्हणून त्यांनी पुष्कळ केलं. त्यांनीच १९५८ साली ‘पथेर पांचाली’बद्दल लिहिताना काही कौतुक केलं खरं, पण चित्रपट इतका सैल आणि संथ आहे, की हॉलिवूडच्या संकलकांकडे कच्चं संकलन म्हणूनही तो जेमतेम खपेल, असंही म्हटलं. प्रेक्षकांनी ते मानलं नाही. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये कित्येक महिने चालला. चूक कुठे झाली ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्याकडे एक पक्की मोजपट्टी होती, ती चांगल्या चित्रपटांवरूनच तयार झालेली होती, आणि समोरचा चित्रपट त्या मोजपट्टीसाठी बनलेलाच नव्हता. काशफुलांतून धावत आगगाडी पाहायला गेलेली दोन भावंडं ज्या गतीने धावतात, ती गती हॉलिवूडच्या हिशेबात बसणारी नव्हती.

१९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा क्राउथर त्याच्यावर तुटून पडले. समीक्षक पॉलीन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहून बाजू घेतली. मला मात्र या वादात जो मॉर्गेनस्टर्न हे समीक्षक सगळ्यात मोठे वाटतात. ‘न्यूजवीक’मध्ये त्यांनीही आधी चित्रपट झोडपला होता. मग तो भरलेल्या थिएटरात, प्रेक्षकांमध्ये बसून पुन्हा पाहिला, आणि पुढच्याच अंकात आपलं आधीचं परीक्षण चुकलं होतं असं सांगणारं दुसरं परीक्षण लिहिलं. त्याने त्यांचा अधिकार कमी झाला नाही. २००५ साली त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी ‘द ब्राउन बनी’ हा कान महोत्सवाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट चित्रपट ठरवला होता. पुढे तो जवळजवळ पंचवीस मिनिटांनी कापून पुन्हा आला, तेव्हा त्यांनी तो नव्याने पाहिला आणि त्याची बाजू घेतली. चित्रपटही बदलला होता, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. याच ईबर्टनी असंही लिहून ठेवलंय, की तारे सापेक्ष असतात: सुपरहिरोपटाला दिलेले तीन तारे हे दुसऱ्या सुपरहिरोपटांच्या तुलनेतले तीन तारे. हे साधं स्पष्टीकरण किती सदरांमध्ये कधी तरी छापलं गेलंय?

आता भाषेकडे येते, कारण आपण मराठीत वाचतो आणि लिहितो. ‘छायाचित्रण नेत्रसुखद’, ‘संगीत श्रवणीय’, ‘भूमिकेला न्याय दिला आहे’, ‘मध्यंतरानंतर पकड सुटते’, ‘उत्तरार्ध रेंगाळतो’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’. ही वाक्यं तयार पडलेली असतात आणि घाईत हाताशी येतात, हे मी समजू शकते. पण ‘कागज के फूल’मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत आठवा. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून तो आत आणला होता. दोन माणसं त्या झोताच्या अलीकडे-पलीकडे उभी आहेत, जवळ येऊ शकत नाहीत, आणि तरंगणारी धूळ दिसतेय. त्याला नेत्रसुखद म्हणून मोकळं होता येईल? तो झोत त्या दोघांची सगळी कहाणी सांगतो. १९५९ साली तो चित्रपट पडला आणि दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तचं नाव पुन्हा कुठल्या चित्रपटावर लागलं नाही. समीक्षकांनी तो वाचवला असता असा माझा दावा नाही. पण त्या झोताबद्दल त्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलेलं असायला हवं होतं. मराठीत असं लिहिणारे आहेत. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर लिहिलेलं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ उघडून पाहा: चौकट, प्रकाश, आवाज, गाण्याची जागा, यावर मराठीत किती बारकाईने बोलता येतं ते दिसेल.

पहिल्या आठवड्यातल्या निकालांचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला, सुरुवातीची परीक्षणं बहुतेक प्रतिकूल होती, आणि घाबरलेल्या निर्मात्यांनी शेवट बदलण्याचा विचारही केला होता. बदलला असता तर जयच्या खिशातल्या नाण्याला काही अर्थ उरला नसता.

मी हे सगळं लिहितेय ते तुमच्या अडचणी माहीत असूनही. सकाळी खेळ, संध्याकाळपर्यंत मजकूर. जागा चारशे शब्दांची. महोत्सवात एका दिवसात चार-चार चित्रपट. नापसंती लिहिली की चाहत्यांच्या शिव्या, पसंती लिहिली की ‘पैसे घेतले’ हा आरोप. वर विकत घेतलेल्या कौतुकामुळे प्रामाणिक कौतुकावरचाही विश्वास उडतो. २००१ साली तर सोनी कंपनीच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुतिसुमनं छापून येत होती, आणि असा समीक्षक अस्तित्वातच नव्हता, तो कंपनीने बनवलेला होता. एक गोष्ट मला त्यातली महत्त्वाची वाटते. खोटा समीक्षक बनवणं इतकं सोपं गेलं, कारण त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं कुणाच्याही तोंडी शोभणारी होती. रक्तपरीक्षेच्या त्या बशीबद्दल किंवा झाकण न ठेवलेल्या भांड्याबद्दल लिहिण्यासाठी चित्रपट पाहिलेला जिवंत माणूसच लागतो.

तेव्हा काही ठोस गोष्टी मागते. चित्रपट कुठे पाहिलात ते लिहा, भरलेल्या थिएटरात, निर्मात्यांच्या खास खेळाला, की घरच्या पडद्यावर लिंक उघडून. विनोदपट आणि भयपट यांना प्रेक्षकांच्या गर्दीने जो फरक पडतो, तो लपवण्यासारखा नाही. कथानक एका परिच्छेदात संपवा. वाचलेल्या जागेत एकच प्रसंग घ्या, पण तो असा लिहा, की ज्याने चित्रपट पाहिलाय त्याला तो नव्याने दिसेल. मुलांच्या चित्रपटाला गेलात तर मुलं कुठे हसली, कुठे चुळबुळ करू लागली, ते टिपा. तुमच्या कंटाळ्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. आवडत नसलेल्या प्रकारातला चित्रपट वाट्याला आला, तर तसं पहिल्या ओळीत सांगा, मी तुमचं उरलेलं परीक्षण जास्त विश्वासाने वाचेन. वर्षातून एकदा तरी जुनं परीक्षण काढून तो चित्रपट पुन्हा पाहा आणि जे वाटेल ते लिहा, मत बदललं नसेल तरी.

आणि संपादकांनी पाचही चित्रपट एकाच सदरात कोंबायला सांगितले, तर त्यांना हे पत्र दाखवा. दोनच चित्रपटांवर लिहा, पुरेशा जागेत. उरलेल्या तिघांची नावं द्या आणि या आठवड्यात त्यांच्यासाठी जागा झाली नाही असं सांगा. ते मला अडीच ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक आणि प्रेक्षक